बर्फाच्या राज्यात व्याही

माझे व्याही एका बर्फाच्या गुहेच्या दारात राक्षसाच्या हातून ठार झाले, कारण मी त्यांना "आधी तुम्ही" म्हणत होतो आणि ते मला "आधी तुम्ही" म्हणत होते.

हे घडलं आमच्या साताऱ्याच्या घरात, बैठकीच्या खोलीत, रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा अजून उचलायच्या होत्या तेव्हा. व्याही आता ठणठणीत आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे, ती रोज वेळेवर उघडतात. पण त्या दिवशी ते मेले ते मेलेच, आणि त्याला जबाबदार मी, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. (राक्षसाला कोणी एका शब्दानं बोललं नाही.)

आता मुळापासून सांगतो. मी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सुभेदार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं सरहद्द, बंदुका, मिशा असं काहीबाही येतं. मी सगळी नोकरी भांडारात काढली. घोंगड्या, बूट, तंबू, डाळ. शत्रू कसा दिसतो ते मला ठाऊक नाही, पण घोंगडी नुसती हातात घेऊन ती कुठल्या हिवाळ्यातली आहे ते सांगतो. त्यामुळं कुठलंही काम आपण व्यवस्थित मार्गी लावू शकतो, असा माझा एक समज आहे. माझ्या बायकोचा तसा समज नाही.

मुलगा संग्राम साताऱ्यातच बँकेत आहे. सून केतकी सांगलीची, पण शिकली पुण्यात आणि नोकरीलाही लागली पुण्यात. लग्नानंतर ती आमच्याकडं आली आणि माडीवरच्या खोलीतून कॉम्प्युटरवर पुण्याची नोकरी करायला लागली. पोरगी गुणाची. ती आल्यापासून आमच्या घरात जेवताना बोलणं सुरू झालं. त्याआधी आम्ही जेवताना फक्त जेवत होतो. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या ऑफिसनं विचारलं, पुण्यात येऊन काम करणार की घरूनच करणार, एकदा कायमचं काय ते कळवा.

केतकी त्यावर काही बोलेना. मी संग्रामला बाजूला घेतलं.

"इथं तिला काही कमी पडतंय का रे?"

"तसं काही नाही, आबा. पण पुण्यात तिचा एक ग्रुप होता. दर रविवारी जमून खेळायचे. इथं रविवार आला की ती गप्प गप्प असते."

"मग खेळा की इथं. माळ्यावर कॅरम आहे."

"कॅरम नाही, आबा. त्या खेळात गोष्ट असते."

ती पुण्याला गेली म्हणजे संग्रामही बदली मागून जाणार. म्हणजे पुन्हा मी आणि बायको समोरासमोर बसून मुकाट्यानं भाकरी मोडायची. कशाला आडपडदा ठेवू, मला ती दोघं घरात हवी होती. म्हणून त्याच संध्याकाळी मी जाहीर करून टाकलं, "ग्रुप इथंच काढायचा. माणसं मी जमवतो. केतकी, तू फक्त खेळ सांग."

केतकीचा चेहरा असा खुलला की खेळ काय आहे, हे विचारायचंच माझ्याकडून राहून गेलं. ते कळलं दुसऱ्या दिवशी. आणि कळलं असंही म्हणता येणार नाही.

"आबा, याला पट नसतो. सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. कोण जिंकलं, कोण हरलं तेही नाही."

"मग संपतो कधी?"

"वर्षानुवर्षं चालतो कधी कधी." (इथं मी कान टवकारले.) "एक जण सूत्रधार असतो. म्हणजे मी. तुम्ही कुठं आहात, समोर काय आहे, ते मी सांगणार. बाकी प्रत्येकानं एकेक सोंग घ्यायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार. आणि आपलं सोंग काय करतं, ते सांगायचं. जमतं की नाही, ते फासा ठरवणार."

"म्हणजे लढायचं कुठं?"

"मनात, आबा."

"आणि प्रत्यक्षात?"

"प्रत्यक्षात तुम्ही इथं कोचावर बसलेले असणार."

"मग काही अडचण न्हाई," बायको म्हणाली. "तेवढं त्यांना चांगलं जमतं."

केतकीनं एक फासा दाखवला. त्याला वीस तोंडं होती. एवढी तोंडं एका फाशाला कशाला, हे मी विचारलं नाही. "फक्त दोन गोष्टी आधी ठरवायच्या," ती म्हणाली. "नियम कुठले घ्यायचे आणि जग कुठलं घ्यायचं. नियमांचे प्रकार असतात. एकात जाडजूड पुस्तकं असतात, साध्या खिशातल्या वस्तूचंही वजन धरतात. दुसऱ्यात सगळे नियम एका पानावर मावतात. आणि जगं तर हवी तेवढी. बर्फाचं राज्य आहे, समुद्रातली बेटं आहेत, वाळवंट आहे, जमिनीखालचं शहर आहे. हे सगळ्यांनी मिळून ठरवलं की मजा येते."

सगळ्यांनी मिळून! हा शब्द तिनं उच्चारला आणि तिथंच घात झाला. आमच्याकडं सगळ्यांनी मिळून काही ठरवायचं म्हणजे बैठक. बैठक म्हणजे व्याही आले. आणि दोन व्याह्यांची बैठक मध्यस्थाशिवाय होत नाही, म्हणजे बिरू आला.

बिरू माझा फौजेतला दोस्त. माण तालुक्यातला, घरी मेंढरं आणि थोडी डाळिंबाची बाग. निवृत्तीनंतर काही वर्षं तो सांगलीत अण्णासाहेबांच्या, म्हणजे केतकीच्या वडिलांच्या, हळदीच्या गोदामावर राखणीला होता. संग्राम-केतकीचं लग्न त्यानंच जमवलं. (ती दोघं आधीच हा खेळ खेळताना पुण्यात भेटली होती, हे आम्हाला नंतर समजलं. बिरूला अजून कोणी सांगितलेलं नाही.)

तर रविवारी सतरंजी अंथरली, लोड मांडले, पानसुपारीचं तबक ठेवलं. अण्णासाहेब सांगलीहून आले ते हळदीची पिशवी, भडंग आणि गुळाची ढेप घेऊन. आल्या आल्या सतरंजीच्या अगदी कडेला बसले, इतक्या कडेला की निम्मे अण्णासाहेब फरशीवर होते. सोबत त्यांचा डबा आणि पाण्याची बाटली. कारण अण्णासाहेबांचा एक जुना नेम आहे. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. लग्नापासून ते दोनतीनदा आले, पण आमच्या घरचा चहा त्यांच्या तोंडाला लागलेला नाही. आम्ही पोहे खातो, ते समोर बसून आपल्या डब्यातली भाकरी खातात. मला त्याचा फार संकोच होतो, म्हणून मी त्यांना जास्तच मान देतो, आणि मी जास्त मान दिला की ते आणखी कडेला सरकतात.

बिरूनं पान जुळवत सुरुवात केली. "तर मंडळी, स्थळं चार हायती. लेकी, येकेक दाखव."

केतकीनं बर्फाच्या राज्याचं चित्र पुढं केलं. पांढरे डोंगर, पांढरा किल्ला, पांढरं आभाळ.

"पाणी कसं हाय तितं?" बिरूनं विचारलं.

"गोठलेलं आहे, काका."

"आन् चारा?"

"चारा... बर्फाखाली असेल."

बिरूनं जुळवलेलं पान तोंडात सारलं. मध्यस्थानं आपलं मत सांगायचं नसतं, हे तो जाणून होता.

मला खरं म्हणजे वाळवंट हवं होतं. राजस्थानात नोकरीचे चांगले दिवस गेले होते माझे. पण पहिला मान व्याह्यांचा. "अण्णासाहेब, तुम्हाला कसं वाटतंय?"

"आम्ही मुलीकडचे. तुम्ही म्हणाल तसं."

"असं कसं? तुम्ही वडीलधारे."

"छे छे, आपला शब्द."

हे बराच वेळ चाललं. चारही जगांची चित्रं समोर पडली होती आणि आम्ही एकमेकांचे चेहरे वाचत होतो. इतक्यात माझ्या लक्षात आलं की अण्णासाहेब बर्फाच्या चित्राकडं टक लावून बघतायत. म्हटलं, सापडलं. "मला वाटतं, बर्फाचंच बरं आहे, नाही का?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात."

नियमांचंही तसंच झालं. जाडजूड पुस्तक अण्णासाहेबांनी हातात घेऊन वजन केल्यासारखं तोललं, म्हणून मला वाटलं त्यांना ते पसंत आहे. मी त्याची पानं मोजली (भांडारातली सवय, पान गहाळ आहे का ते आधी बघायचं), म्हणून त्यांना वाटलं मला पसंत आहे.

"अण्णा, नक्की ना?" केतकीनं विचारलं. "नवीन माणसांना हे जड जातं."

"सुभेदारसाहेब एकदा म्हणाले की विषय संपला."

"आबा?"

"अण्णासाहेबांच्या शब्दाबाहेर मी नाही."

"ठरलं मग," बिरू म्हणाला, "फोडा सुपारी."

सुपारी फुटली. एकदा सुपारी फुटली की माघार नाही. मला वाटलं, किती झटपट आणि गोडीगुलाबीनं काम झालं.

पुढच्या रविवारी खेळ सुरू झाला. खरं तर अर्धी सकाळ तयारीतच गेली, कारण त्या नियमांत प्रत्येकानं सोबत काय काय नेलंय त्याचं वजन धरायचं होतं. हे मला एकदम पटलं. मुलूख बर्फाचा आहे म्हटल्यावर माझ्या योद्ध्यानं घोंगड्या घेतल्या. स्वतःसाठी, मग सगळ्यांसाठी, मग वेळेला असाव्यात म्हणून जादा. केतकीनं हिशोब केला आणि म्हणाली, "आबा, तुमच्या योद्ध्याला आता चालता येत नाही."

"चालायचं कशाला? तो भांडारात बसेल."

"भांडार नाहीये, आबा. डोंगर आहे."

शेवटी योद्ध्याच्या घोंगड्या बिरूच्या मेंढ्यांवर लादल्या. बिरूनं धनगराचं सोंग घेतलं होतं आणि मेंढरांशिवाय तो पाऊल उचलायला तयार नव्हता. बायको जादूगार झाली. संग्राम तिरंदाज. अण्णासाहेबांना विचारलं, तुम्ही कोण? ते म्हणाले, "मी सुभेदारसाहेबांच्या मागं."

केतकी गोष्ट सांगायला लागली आणि मी चकितच झालो. एरवी हळू बोलणारी पोरगी, पण तिनं आवाज खाली आणला की भर उन्हाळ्यात अंगावर काटा आला. वारा कसा घोंगावतोय, पायाखाली बर्फ कसा करकरतोय, सगळं दिसायला लागलं. बायकोनं पदर डोक्यावर घेतला.

"समोर गुहा आहे," केतकी म्हणाली. "आतून घुरघुर ऐकू येतेय. राजाची हरवलेली ढाल आत आहे. कोण आत जाणार?"

मी अण्णासाहेबांकडं वळलो. "चला, अण्णासाहेब. आधी तुम्ही."

"छे, आधी तुम्ही."

"तुम्ही पाहुणे."

"तुम्ही मानाचे."

"घुरघुर जवळ येतेय," केतकी म्हणाली.

"अहो, माझ्या घरी तुम्ही मागं थांबायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक हेच म्हणतील की मुलीच्या बापानं मर्यादा सोडली."

"आबा, कोणीतरी आत जा," संग्राम म्हणाला, "नाहीतर बाहेर तरी पळा."

"थांब रे, मोठी माणसं बोलतायत."

केतकीनं फासा टाकला. राक्षस बाहेर आला आणि त्यानं दारात वाकून मला वाट देत असलेल्या अण्णासाहेबांच्या पाठीत गदा घातली.

तरीही ते वाचू शकले असते. पोरीनं बापासाठी सोय केली. गुहेजवळ राहणारी एक म्हातारी तिनं आणली. "म्हातारीकडं औषधाची कुपी आहे. ती तुमच्यापुढं धरतेय. घोट घेतला की जखम भरेल."

"नको," अण्णासाहेब म्हणाले.

"अण्णा, तुम्ही मरताय."

"मरू दे. लेकीच्या सासरी बसून लेकीनं दिलेलं औषध प्यायचं? इतकी वर्षं घराण्यात पाळलेला नेम मोडू?"

"अहो अण्णा, औषध खोटं आहे ते."

"नेम खरा आहे ना."

आणि ते मेले. मेल्यावर त्यांनी उठून माझे हात धरले आणि तुमच्या घरी असं अशुभ घडलं, माफ करा, म्हणाले. मी म्हणालो, चूक माझी, मी आधी आत जायला हवं होतं. ते म्हणाले, चूक माझी. हेही बराच वेळ चाललं. बिरू एका कोपऱ्यात आपली मेंढरं मोजत बसला होता. "निम्मी गारठून मेली," तो मला हळूच म्हणाला. "जित्राबांचा काय गुन्हा हुता गड्या?"

केतकीनं पुस्तकं मिटली. "छान झालं," असं म्हणून ती माडीवर गेली. संग्राम म्हणाला, "आबा, ऑफिसला उत्तर द्यायचे दिवस जवळ आलेत. राहू द्या आता."

पण माघार घेईन तर सुभेदार कसला? मी विचार केला. (बायको म्हणते, तिथंच पुन्हा चुकलं.) दोष ना नियमांचा, ना जगाचा. दोष जागेचा. सातारा हे केतकीचं सासर, म्हणून अण्णासाहेब औषध पिईनात. तोच खेळ सांगलीला नेला की प्रश्न मिटला. त्यांच्या घरी ते हवी तेवढी औषधं पितील, हवे तेवढे राक्षस मारतील. हा डाव सुचल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सांगलीला व्याही पहिल्यांदाच खेळाला बोलावणार, म्हणजे त्यांच्या दारी मुलाकडची मंडळी येणार, ही गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. आम्ही गाडीतून उतरलो तोच पायांवर पाणी आलं. औक्षण झालं. मला टॉवेल, टोपी, नारळ. बिरूला टॉवेल, टोपी, नारळ. बायकोची ओटी. मग नाश्ता. केतकीनं टेबलावर पुस्तकं मांडली की त्यावर ताटं यायची. ती पुस्तकं उचलायची, ताटं उचलली जायची, की वाट्या यायच्या. जेवणात श्रीखंड, आणि आग्रह असा की माझा योद्धा असता तर त्यालाही जागचं हलता आलं नसतं.

कहर पुढंच होता. जेवण झाल्यावर अण्णासाहेब मला मोठ्या कौतुकानं आतल्या खोलीत घेऊन गेले. सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. चारही कोपऱ्यांत घमेली, घमेल्यांत बर्फाच्या लाद्या, आणि लाद्यांवर पंखे लावलेले. भिंतीवर हिमालयाचं भलंमोठं कॅलेंडर.

"सुभेदारसाहेबांना बर्फाचं राज्य आवडतं म्हणून," ते म्हणाले. "आपली जागा मधोमध, अगदी लादीसमोर."

बाहेर सांगलीचं ऊन भाजत होतं आणि मी आत टोपी घालून, खांद्यावर आहेराचा टॉवेल घेऊन कुडकुडत होतो. माझं नाक वाहायला लागलं. तरी मी म्हणालो, "वा, काय झकास गारवा."

त्यावर अण्णासाहेबांनी आणखी लाद्या मागवल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझ्या बायकोचा आवाज आला. विहिणीशी बोलताना ती आवाज खाली ठेवत नाही. "आवं, ह्यांना कुठलं बर्फ आवडतंय? थंडी सुरू झाली की घरात मफलर घालून बसत्यात. ह्यांना वाळवंट पायजे हुतं."

विहीणबाईंचा आवाज तिच्याही वरचा. "अगंबाई! आमच्यांना तर बेटं हवी होती. समुद्राचं फार वेड आहे त्यांना. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्या पांढऱ्या चित्राकडं बघत बसले होते, काय आहे ते कळेना म्हणून."

केतकीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वडिलांकडं.

"म्हणजे बर्फ कोणालाच नको होता?"

"मला तर लय थंडी वाजतीया," बिरू म्हणाला.

"मग काका, सुपारी का फोडलीत?"

"ही दोगं व्हय म्हनली. मधल्या मानसानं काय करायचं?"

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. खाली बसली आणि शांतपणे म्हणाली, "आबा, मला नुसता खेळ नको होता. पुण्यात रविवारी आम्ही भांडायचो. मला हे नको, मला ते हवं, असं तोंडावर सांगायचो. घरी जाताना मोकळं वाटायचं. इथं सगळे चांगले आहात. सगळे एकमेकांना जपता आणि मला तर फारच जपता. पण लग्नापासून मी आणि माझे अण्णा समोरासमोर बसून एक कप चहा प्यायलो नाही. माझ्या घरी ते पाहुण्यासारखे येतात आणि इथं मी पाहुण्यांबरोबर येते."

अण्णासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. साताऱ्याला परतताना गाडीत सगळे गप्प होते. मी एकदाच शिंकलो, तर ती शिंकही मला फार मोठी वाटली. मी पोरीला घरात ठेवायला निघालो होतो, आणि घर कसं परकं आहे तेच तिला दाखवून बसलो होतो. वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं.

दोन दिवसांनी केतकी माडीवरून खाली आली. "आबा, या रविवारी शेवटचं एकदा खेळू. इथंच. पण या वेळी नियमही मी ठरवणार आणि जगही मी ठरवणार. सुपारी कोणी आणायची नाही."

रविवारी सगळे जमले. अण्णासाहेब डबा आणि बाटली घेऊन सतरंजीच्या कडेला. केतकीनं एकच कागद काढला.

"एका बाजूला वाळवंटाचं राज्य. राजा म्हणजे आबा. दुसऱ्या बाजूला समुद्रातली बेटं. तिथला राजा म्हणजे अण्णा. मधे एक हिरवी खिंड, चारा भरपूर, पाणी बारमाही. तिथं बिरूकाका." बिरूनं हात जोडले. "खिंडीत एक ड्रॅगन राहतो. त्या आई." बायको सावरून बसली. "वाळवंटाच्या राजाची मुलगी बेटांच्या राजाच्या मुलाला दिलीय. वऱ्हाड खिंडीतून न्यायचं आणि लग्न लावायचं. नियम सोपे. या खेळात ताकद मोजत नाहीत, अक्कल मोजत नाहीत. फक्त मान मोजतात. मान मिळाला की वाढतो. रुसून मिळवला तर दुप्पट वाढतो."

अण्णासाहेबांनी चष्मा लावून कागद वाचला. परत वाचला.

"म्हणजे मी मुलाकडचा?"

"हो, अण्णा."

"आणि सुभेदारसाहेब मुलीकडचे?"

"हो."

अण्णासाहेब उठले. सतरंजीच्या कडेवरून चालत मधोमध आले. माझ्या पाठीमागचा लोड काढून घेतला, त्याला टेकून पाय पसरले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाणी आणा."

मी एकदम उठलो आणि पाणी आणलं. आणि त्यांनी ते घेतलं. आमच्या घरचा तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. "अण्णा, नेम?" संग्रामच्या तोंडून निघून गेलं.

"नेम मुलीच्या बापाला असतो," ते म्हणाले. "चहा कुठाय? सूत्रधारांनाही आणा, आम्ही एकटे पीत नाही."

चहा आला. बाप आणि लेक समोरासमोर बसून प्यायले. केतकी कपात बघत होती आणि डोळे पुसत होती, आणि अण्णासाहेब म्हणत होते, "साखर कमी आहे. हा आमचा अपमान आहे. फिरवा जहाजं परत."

"मान दुप्पट," केतकी म्हणाली. एवढी मोठ्यानं हसलेली मी तिला कधी ऐकली नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी हेच चाललंय. ज्या माणसानं लग्नात एक शब्द वर बोलून दाखवला नव्हता, तो माणूस हत्ती मागतो, दुसरा हत्ती मागतो, आणि दोन्ही आल्यावर पहिला हत्ती आधी का बसला म्हणून रुसतो. मी पागोटं काढून त्याच्या पायाशी ठेवतो. ड्रॅगन पहिल्याच दिवशी मुलाकडच्यांना सामील झाला. बिरूची मेंढरं गलेलठ्ठ झालीत.

केतकीनं ऑफिसला घरूनच काम करणार म्हणून कळवलं. "हे लग्न लागेपर्यंत तर मी सातारा सोडत नाही, आबा," असं मला हसत हसत सांगितलं. ते ऐकल्यापासून घरात माझ्या धोरणीपणाचं फार कौतुक चालू आहे. सून जाऊ नये म्हणून सुभेदार मुद्दाम दर रविवारी काहीतरी घोटाळा करतात, वऱ्हाड चुकीच्या वाटेनं नेतात, व्याह्यांना रुसायला निमित्त देतात आणि लग्न लांबवतात, असं संग्राम चारचौघांत सांगतो. बिरू तर मला सलामच ठोकतो. मी गंभीरपणे मान हलवतो आणि काही बोलत नाही.

आता इथं सांगायला हरकत नाही. खेळ सुरू झाला की मला सून, ऑफिस, पुणं, काही आठवत नाही. ते लग्न लावण्यासाठी मी पहिल्या दिवसापासून जिवाचं रान करतोय.